दीड मीटरवरचा बॉल

मडगावातल्या आमच्या चष्म्याच्या क्लिनिकमध्ये गोल्फचं नाव क्वचितच निघतं. येणारी माणसं म्हणजे बाजारातले दुकानदार, फळा दिसत नाही म्हणून शाळेने पाठवलेली पोरं, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नंबर काढायला आलेल्या आज्या आणि सुट्टीवर घरी आलेले तारवटी, म्हणजे बोटीवरचे खलाशी. गोव्यात गोल्फ खेळायच्या जागाही मोजक्याच, त्याही बहुतेक किनाऱ्यावरच्या रिसॉर्टच्या आवारात. त्यामुळे कॅप्टनसाहेबांनी माझ्या टेबलावर गॉगल आपटून "ह्याच्यापायी माझा खेळ गेला" असं जाहीर केलं, तेव्हा काय विचारावं हेच मला आधी सुचेना.

कॅप्टनसाहेब मूळचे मालवणचे. हयात मर्चंट नेव्हीत गेली, निवृत्तीनंतर बाणावलीला घर घेतलं. वय 68. एरवी बोलणं शुद्ध पुस्तकी, पण चिडले की थेट मालवणीवर येतात. गॉगल मुलाने मुंबईच्या एका बड्या दुकानातून करून दिलेला. पोलराइज्ड, प्रोग्रेसिव्ह, वर कानशिलापर्यंत वळत गेलेली रॅपअराउंड फ्रेम. त्याची किंमत ऐकून मी गप्पच बसले. तेवढ्यात आमच्याकडे एका घरातल्या सगळ्यांचे चष्मे झाले असते.

तक्रार अशी, की गॉगल लावला की बॉल धड लागत नाही. एकदा स्टिक मातीत घुसते, एकदा बॉलच्या टाळूवरून घसरते. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, तर सगळेच अंदाज चुकतात. काढून खेळावं तर उन्हाने डोळ्यांतून पाण्याच्या धारा. डोळ्यांचा पडदा त्यांनी आधीच तपासून घेतला होता. मोतीबिंदू अगदी सुरुवातीचा, डॉक्टरांनी काळजीचं काही नाही म्हणून सांगितलेलं. तरी डोळे चालले हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. तसं तोंडाने बोलले नाहीत, पण स्टिकचा सेट विकायला काढलाय, हे मात्र दोनदा ऐकवलं.

काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर, लेन्सोमीटरवर, गॉगल ठेवला. नंबर बरोबर. खुर्चीत बसून त्यांनी तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, जवळचं बारीक अक्षरही वाचलं. आता "नंबर बरोबर आहे" हे ऐकून गिऱ्हाईक कधी खूश होत नाही, उलट जास्त भडकतं. शेवटी म्हटलं, खेळताना बघितल्याशिवाय मला कळायचं नाही. रविवारी पहाटे ट्रायल फ्रेम आणि लेन्सची पेटी गाडीत टाकली आणि त्यांच्या मागोमाग निघाले.

एप्रिलचे दिवस. सातला पोचलो तेव्हा गवतावर दव होतं, माडांच्या सावल्या लांबच लांब पडल्या होत्या. मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही. टीव्हीवर तो खेळ लागला की मी चॅनेल बदलते. पण माणूस कुठे बघतोय आणि मान कशी धरतोय हे बघायची सवय हाडात मुरलेली. कॅप्टनसाहेब बॉलपाशी उभे राहिले, वाकले, खाली बघितलं आणि लगेच हनुवटी छातीत रुतवली. स्टिक मागे नेताना तीच मान वर आली. बॉल जेमतेम पंधरा पावलं घरंगळला.

"गो बाय, बॉल खंय गेलो?" ते गरजले. बॉल समोरच होता. त्यांचं डोकं आभाळाकडे होतं.

तिथे मला निम्मं उत्तर मिळालं. प्रोग्रेसिव्ह काचेत वर लांबचा नंबर असतो, खाली उतरत उतरत वाचायचा. त्यांचा वाचायचा नंबर +2.50, म्हणजे काचेचा तळ पुस्तकासाठी, साधारण 40 सेंटिमीटरवर जमवलेला. बॉल मात्र डोळ्यांपासून दीड मीटरवर असतो. खाली नजर टाकली की नेमका तो तळ मध्ये येतो आणि बॉल पुसट होतो. पुसट बॉल स्पष्ट करायला माणूस नकळत हनुवटी आत घेतो, वरच्या काचेतून बघू लागतो, आणि झोक्याबरोबर मान परत उसळते. बॉल केवढा, तर व्यास 43 मिलिमीटरहूनही थोडा कमी. त्यात वळलेल्या फ्रेममुळे काच तिरकी बसते आणि कडेला जमीन लाटेसारखी हलल्याचा भास होतो. गाडी चालवायला, बाजारात हिंडायला हा गॉगल उत्तम होता. तो करून देणाऱ्याने कॅप्टनसाहेब गोल्फ खेळतात का, एवढं विचारलं नव्हतं.

ट्रायल फ्रेममध्ये नुसता लांबचा नंबर बसवला आणि बॉलसाठी त्यात +0.25 ची भर टाकली. उन्हात बाहुली बारीक होते, त्यामुळे एवढ्याने लांबचा, भोकातला झेंडा दिसायला धक्का लागत नाही आणि बॉलही सुधारतो. तपासणीच्या खोलीतली ती गोल लोखंडी फ्रेम नाकावर घेऊन, वर क्लबची पांढरी टोपी चढवून कॅप्टनसाहेब उभे राहिले. मागच्या गटातल्या दोन विदेशी बायका हसू लपवत होत्या. ह्या वेळी मान हलली नाही. ठक्क असा आवाज आला आणि बॉल माडांच्या रांगेवरून गेला.

ग्रीनवरचं कोडं मात्र मला सुटलं नाही. ते कॅडीने, म्हणजे स्टिकची पिशवी वागवणाऱ्या पोराने, सोडवलं. पंचविशीचा, जवळच्याच गावातला पोरगा. कॅप्टनसाहेबांनी सवयीने परत आपला गॉगल लावला होता. ते बॉलमागे उकिडवे बसून रेघ बघत होते, तर हा हळूच म्हणाला, "पात्रांव, चष्मो काडून पळयात. हांगा तण चकचकता."

त्याचं म्हणणं असं, की गवताची पाती एका बाजूला कललेली असतात. बॉलमागून बघताना गवत चमकलं, तर पाती पुढे कललेली, बॉल सुसाट जाणार. काळपट दिसलं, तर पाती आपल्याकडे तोंड करून, बॉल अडणार. 108 मिलिमीटरच्या भोकात बॉल घालायचा तर ह्याचा अंदाज लागतो. मी कॅप्टनसाहेबांचा गॉगल हातात घेतला, एका डोळ्यासमोर धरून बघितलं. ग्रीन सगळं एकसारखं गर्द हिरवं. मग काच हळूहळू आडवी फिरवली. फिरवता फिरवता गवतावर चकाकीचे पट्टे उमटले. सरळ केली, पट्टे गेले. पोलराइज्ड काच पाण्यावरून, ओल्या गवतावरून परतणारी आडवी तिरीप कापते, तिचं कामच ते. पाण्याच्या डबक्यातला बॉल शोधायला तिच्यासारखी काच नाही. पण इथे त्या तिरिपेतच पोराची सगळी विद्या होती.

ह्यावर खेळाडूंचं एकमत नाही, हेही सांगते. पोलराइज्ड लावून उत्तम पटिंग करणारे, म्हणजे ग्रीनवरून बॉल भोकात ढकलणारे, आहेत, आणि ग्रीनवर पोचताच गॉगल टोपीवर चढवणारेही. कॅप्टनसाहेबांनी लगेच अमेरिकन गोल्फर डेव्हिड ड्युव्हलचं उदाहरण फेकलं. रॅपअराउंड गॉगल लावून त्याने 2001 ची ब्रिटिश ओपन मारली. म्हटलं, साहेब, तो तेव्हा 29 वर्षांचा होता, त्याला वाचायचा नंबर नव्हता.

हे बोलणं चाललं असताना कॅडी झेंडा धरून माझ्यासमोर उभा होता, तोंडावर ऊन. दोन्ही डोळे लाल. जवळ बोलावून पापणी वर केली, तर उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढून बुबुळावर चढलेलं. टेरिजियम. ऊन, वारा, धूळ ह्यांत जन्म काढणाऱ्या मच्छीमारांत मी ते नेहमी बघते, पण ह्या वयात एवढं पुढे आलेलं कमी. हे बहुधा नाकाच्याच बाजूला का होतं, त्याचं एक कारण सांगतात. कानशिलाकडून आलेलं ऊन बुबुळातून वळून नेमकं नाकाकडच्या कडेवर एकवटतं. म्हणजे ती कानापर्यंत वळलेली फ्रेम, जी कॅप्टनसाहेबांना नडत होती, तिची खरी गरज ह्याला. काढून देता आली असती तर बरं झालं असतं, पण तिच्यात नंबर.

"औषध घालतोस काही?" विचारलं. खिशातून बाटली काढली. स्टिरॉइडचे थेंब, मेडिकलवाल्याने लाली जावी म्हणून दिलेले, लाल झालं की हा घालत होता. असे थेंब महिनोन्महिने घातले तर डोळ्यांतला दाब वाढतो, मोतीबिंदू लवकर येतो. बाटली मी पर्समध्ये टाकली, परत दिली नाही.

"गॉगल का घालत नाहीस?"

तो ओशाळला. "सायबांमुखार गॉगल घालून कसो रावूं?"

मॅनेजरला विचारलं तर असा नियम कुठेच नव्हता. कुणी बंदी केलीच नव्हती. पोरांनी आपापसात तसं धरून चाललं होतं, आणि घालायला सांगणारंही कुणी नव्हतं. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे दुपारचा यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचं माप, 11 च्या वर जातो, ती त्या मोजपट्टीची सगळ्यात वरची पायरी. खेळणारा अडीच तास उन्हात असतो आणि त्याच्यासाठी काचेच्या छटांपर्यंत चर्चा. कॅडी दिवसभर असतो. कॅप्टनसाहेब हे ऐकून काही बोलले नाहीत. उरलेले होल त्यांनी अर्धवट सोडले आणि बाकीच्या कॅडींना हाका मारून झाडाखाली बोलावलं. टॉर्च लावून मी तिथेच सगळ्यांचे डोळे बघितले. आणखी दोघांत सुरुवात होती.

कॅप्टनसाहेबांचा नवा गॉगल साधाच केला. थोडी सपाट फ्रेम, लांबचा नंबर, तपकिरी छटा, पोलराइज्ड नाही, यूव्ही 400, म्हणजे अतिनील किरण अडवणारी काच. स्कोअरकार्ड वाचायला फक्त उजव्या काचेच्या खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात केटीचा, म्हणजे वाचायच्या नंबरचा, बारीक गोल. त्यांचा खेळ उजव्या हाताचा, त्यामुळे बॉलकडे बघताना तो गोल वाटेत येत नाही. लॅबवाल्याचा फोन आला, "मॅडम, मार्किंग चुकलंय, बिंदू पार कोपऱ्यात गेलाय." त्याला पटवायला काच घासण्यापेक्षा जास्त वेळ लागला. स्टिकचा सेट विकला गेला नाही.

कॅडीला नेत्रशल्यविशारदांकडे पाठवला. मांस अजून बाहुलीपर्यंत पोचलेलं नाही, पण त्याच्या ओढीने डोळ्याचा तिरका (सिलिंडरचा) नंबर वाढतोय, म्हणून पावसाळ्यात कोर्स थंड असताना ऑपरेशन ठरलंय. काढलं तरी ते परत येऊ शकतं, तेव्हा गॉगल जन्माचा. सगळ्या कॅडींच्या गॉगलचे पैसे कॅप्टनसाहेबांनी भरले. मी त्यांच्यासाठी तपकिरी, कडेला वळलेल्या, बऱ्या दिसणाऱ्या फ्रेम काढून ठेवल्या होत्या. हा पोरगा दुकानात आला आणि सरळ शोकेसमधल्या निळ्या मिरर काचेवर बोट ठेवलं. यूव्ही मीटरवर लावून बघितली, पास झाली. फ्रेमही बाजूने झाकणारी होती. म्हटलं, घे बाबा.