लर्निंगवर फुकेट!
आज बडोद्यात, दांडिया बाजारात शेव-उसळ खाता खाता भाच्याने जाहीर केलं, "मामा, थायलंडला, फुकेटमध्ये बाईक भाड्याने घेणार." लायसन्स? लर्निंग! तेही लॅमिनेट करून पाकिटात. दुकानदार चावी देतो म्हणे. देईलच, त्याला भाड्याशी मतलब. पण लर्निंग भारताबाहेर चालत नाही रे बाबा. आंतरराष्ट्रीय परमिट पक्क्या लायसन्सवरच मिळतं, आणि पक्क्याची टेस्ट लर्निंगनंतर ३० दिवसांनी. "पडलास तर विमावाले आधी लायसन्स मागतील," म्हटल्यावर ताईने चमचा खाली ठेवला आणि त्याच्याकडे असं काही बघितलं! तिकिटं पुढच्या आठवड्याची आहेत. साहेब आता टुकटुकचे, म्हणजे तिथल्या रिक्षांचे, भाव बघतायत.