काकीचा वॉल सुटेल का?

हृदयाचा वॉल, म्हणजे झडप, बदलायचं ऑपरेशन होऊन काकी देवगडला घरी आल्यापासून आमच्याकडे सगळ्यांना एकच काळजी, वॉल सुटला तर? कोल्हापूरहून आणताना करूळ घाटात काकांनी ड्रायव्हरला प्रत्येक वळणावर "सावकाश रे बाबा" करून पार वैताग आणला, आणि आता जी शेजारीण भेटायला येते ती सांगून जाते की कळशी उचलू नको, जोरात खोकू नको, एसटीत मागे बसू नको. काकीचा स्वतःचा प्रश्न पण तोच, "ह्यो सुटाचो नाय मां रे?" प्रत्येकाला वेगळं समजावून माझा घसा बसलाय म्हणून एकदाच लिहून टाकतो.

काकीला लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेला होता, म्हणजे रुमॅटिक फिव्हर. घशातल्या जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उठतं, आणि त्याचा हिशोब कधीकधी तीस-चाळीस वर्षांनी समोर येतो. तिची मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली, जाड होऊन चिकटली होती, ती काढून मेटलची बसवली.

आता ती धरून कशी राहते? मला आधी वाटायचं स्क्रू वगैरे असेल. तसलं काही नाही, धातूच्या भागाभोवती कापडाची एक जाडसर कड असते, पॉलिस्टर किंवा टेफ्लॉनची, आणि सगळी शिवण त्या कडेतून जाते. मशीनवर रक्त फिरवत ठेवून हृदय थांबवतात, मापं लावून बघतात (झडपेचे नंबर मिलिमीटरमधे असतात, 27, 29 असे), मग हृदयातल्या रिंगणातून साधारण 12 ते 16 दुहेरी टाके घेतात, टाका मांस कापून बाहेर येऊ नये म्हणून प्रत्येकाखाली फेल्टचा (नमद्यासारख्या जाड कापडाचा) छोटा तुकडा ठेवतात, आणि झडप अजून बाहेरच असताना सगळे दोरे तिच्या कापडातून ओवून घेतात. मग ती दोऱ्यांवरून घसरवत खाली जागेवर आणायची आणि एकेक गाठ मारायची, एका टाक्याला पाच-सहा गाठी. सगळा खेळ शिवणकामाचाच.

टाके पहिले काही आठवडे भार घेतात. नंतर शरीर त्या कापडात हळूहळू शिरतं, पेशी वाढतात, वरून पातळ अस्तर येतं आणि कड हृदयाचाच भाग होऊन जाते. हे वाढणं किती महत्त्वाचं आहे ते एका फसलेल्या प्रयोगावरून कळलं. एका अमेरिकन कंपनीने जंतू लागू नयेत म्हणून त्या कापडालाच चांदीचा लेप दिला, कल्पना झकास, पण काही पेशंटमधे कापड नीट धरलंच नाही, कडेने रक्त गळायला लागलं आणि 2000 साली त्या झडपा बाजारातून परत घ्याव्या लागल्या.

आपल्याकडची चित्रा झडप पण अशीच पॉलिस्टरच्या कडेची. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटमधे डॉ. वलियाथन यांच्या टीमने बनवली, आधीची मॉडेलं फसली तरी सोडलं नाही आणि 6 डिसेंबर 1990 ला पहिल्यांदा पेशंटला बसवली. परदेशी झडपेपेक्षा बरीच स्वस्त, त्यामुळे कितीतरी गरिबांची ऑपरेशनं होऊ शकली.

चुलतभाऊ म्हणाला मग पायातून तार घालून का नाही बसवली, त्याच्या मित्राच्या वडिलांना तशीच बसवली. ती वेगळी झडप, टावी म्हणतात, फ्रान्समधे डॉ. क्रिबिए यांनी 2002 मधे पहिल्यांदा केली. तिला टाका नसतो, जाळी फुगते आणि जुन्या एऑर्टिक झडपेत (हृदयातून रक्त शरीराकडे जातं त्या दारावरची) साचलेल्या चुन्यात, म्हणजे कॅल्शियममधे, घट्ट रुतून बसते. खुंट कातळात धरतो, पुळणीत नाही, तसंच. काकीच्या मायट्रलला तसा भक्कम आधार मिळणार नव्हता.

आता कळशीचं. वजन उचलू नको सांगतात ते झडपेसाठी नाही, छातीचं हाड कापून स्टीलच्या तारेने बांधलेलं असतं आणि ते जुळायला दोन-तीन महिने लागतात. खोकताना उशी छातीशी धरायची ती पण त्या हाडासाठीच. झडपेला घाटातल्या धक्क्याचं काय, ती दिवसाला लाखभर वेळा उघडते-मिटते आणि दर ठोक्याला हृदयाचा पूर्ण दाब सोसते.

टाके खरे सुटतात ते मुख्यतः इन्फेक्शनने. जंतू त्या कडेला बसले की मांस पोखरतात, फटीतून रक्त जोरात मागे फिरतं, लाल पेशी फुटतात, दम लागतो, लघवी गडद होते. आणि जंतू रक्तात शिरायची एक मोठी वाट म्हणजे तोंड! ऑपरेशनआधी काकीच्या किडलेल्या दाढा काढायला लावल्या तेव्हा घरात सगळे कुरकुरले होते, हृदयाचं दुखणं आणि हे दात काय बघतायत म्हणून. काकीची मिश्री अजून चालूच आहे, तिच्यावर मात्र कोणी शेजारीण बोलत नाही.

तर दाताच्या डॉक्टरला खुर्चीत बसायच्या आधी सांगायचं की झडप आहे आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, ते तासभर आधी अँटिबायोटिक देतील, आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. ताप आला तर मेडिकलमधून काहीतरी आणून दाबायचा नाही, आधी रक्ताचं कल्चर (रक्तात कोणते जंतू आहेत ते बघायची तपासणी) मग अँटिबायोटिक, नाहीतर जंतू सापडतच नाही. हे सगळं चिठ्ठीवर मराठीत लिहून तिच्या झडपेच्या कार्डामागे चिकटवलंय, काका दवाखान्यात ते कार्ड दाखवायला विसरले नाहीत म्हणजे मिळवली.