चारपाच पावलं

दीड वाजला. कारण इतकं फालतू आहे की ह्याला उठवून सांगायचीही लाज वाटतेय.

सकाळी लंडनच्या राइस्लिप वूड्स जंगलात गेलो, ब्लूबेलची निळी फुलं बघायला. गेल्या वर्षी हुकले, का हुकले ते परत उगाळत नाही. हॉर्नबीमच्या झाडांखाली जमीन दिसतच नव्हती, नुसतं निळं. वरची पानं दाट व्हायच्या आत खालच्यांनी ऊन उरकून घ्यायचं, असा कारभार. तर चिकूला मध्ये बसवून फोटो काढू म्हणून मी वाट सोडून आत शिरले, चारपाच पावलं फक्त, आणि मागून एक कुत्रावाल्या आजी म्हणाल्या, पायाखाली बघ गं, पानं आहेत. हसून म्हणाल्या. तेच लागलं.

पलीकडे तो ट्रायपॉडवाला पार आत बसलेला, त्याला नाही बोलल्या. असो, तो विषय नको.

घरी येऊन गुगल केलं. फुलं नाही, पानंच महत्त्वाची. ती चुरगळली की कंदाला खायला मिळत नाही आणि मग कित्येक वर्षं तो धड फुलत नाही. म्हणजे आजी बरोबर. आणि मी कोण, तर मामाकडच्या देवराईतून वाळकी काटकीसुद्धा न आणलेली मुलगी! तिथे देवी बघायची ना. इथे बोर्ड होता, मी तो वाचलासुद्धा, तरी डोक्यात आपलं पार्कच.

इंग्लंडात १६०० सालापासून सलग जंगल असेल तरच त्याला प्राचीन म्हणतात, म्हणजे महाराज जन्मायच्याही ३० वर्षं आधीपासून. इथले ओक तर चौदाव्या शतकात टॉवर ऑफ लंडनच्या कामाला गेलेत. आणि हॉर्नबीम बुंध्याशी तोडायचे, धुमारे वाढले की परत तोडायचे, सरपणाला, कोळशाला, हे शतकानुशतकं चाललेलं. इतक्या पिढ्या कुऱ्हाडी घेऊन हिंडल्या तरी रान उभं, आणि मी रात्रभर तळमळतेय जसं काही माझ्या पाच नंबरच्या बुटांनीच ते संपवलं. केवढा तो माज माझा.

पण ती पानं चुरगळलीच ना.

फोटो मात्र सुंदर आलाय. संध्याकाळी आईला पाठवला होता, तिचा रिप्लाय आत्ता आला, तिकडे पहाट. "गोड दिसतोय. रोपांवर बसवलंस का गं त्याला?"

ब्लू टिक गेली. फोन पालथा घातला.