एक नंबरला ये

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर मी हसून विषय बदलते. ऑफिसातल्या मुली, नणंदेच्या मैत्रिणी, परवा तर लेडीज डब्यातली एक अनोळखी बाई, सगळ्यांचं एकच, लग्नासाठी अकरा वर्षं कशी काय थांबलीस गं?

अकरा वर्षं कोण थांबतं हो! मी पुढच्या रविवारपर्यंत थांबायचे. मी बोरिवलीची, तो डोंबिवलीचा, त्यामुळे भेटायचं दादर स्टेशनला, तिथे वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्ही लाइनी मिळतात, आणि तेव्हा दोन्हींचा एक नंबरचा प्लॅटफॉर्म वेगवेगळा होता. २०११ मध्ये पहिल्यांदा ठरलं तेव्हा "एक नंबरला ये" एवढंच बोलणं झालेलं, मी वेस्टर्नच्या एक नंबरवर, तो सेंट्रलच्या एक नंबरवर, त्यात त्याच्या फोनची बॅटरी गेलेली, पाऊण तास दोघं आपापल्या जागी घाम पुसत उभे. शेवटी पुलावर सापडलो. वडापाव खाल्ला, पण चिडूनच.

पुढचं नेहमीचंच, त्याच्या बाबांचं आजारपण, कर्ज, बहिणीचं लग्न, माझ्या घरचा अबोला. रविवार तेवढा आमचा आणि नेमका रविवारीच रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्यांचा खोळंबा, त्यांच्या सेंट्रलला मेगाब्लॉक, आमच्या वेस्टर्नला जंबोब्लॉक.

आणि संयम वगैरे म्हणू नका प्लीज. "तुझं वय वाढतंय, दुसरं स्थळ बघ," असं तो एकदा त्यागमूर्ती बनून म्हणाला, तर मी दीड महिना फोन उचलला नाही. पैसे नाहीत म्हणून थांबायला माझी ना नव्हती, पण माझं मी ठरवणार ना? परत म्हणाला असता तर गेलेच असते. मार खाऊन, खोटं ऐकून दिवस काढणाऱ्या मुली माझं उदाहरण देतात ना, तेव्हा पोटात गोळा येतो.

सगळ्यात कठीण गेलं ते २०२०. मार्चमध्ये लोकल बंद, सात महिने नुसते व्हिडिओ कॉल. मग २१ ऑक्टोबरपासून बायकांना सोडायला लागले, अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर. बायकांना, त्याला नाही. म्हटलं मीच जाते. एकच्या सुमारास डोंबिवलीला उतरले तर हा स्टेशनबाहेर एका बंद दुकानाच्या पायरीवर, मांडीवर डबा. त्याच्या आईने दिलेली थालीपीठं, पार वातड झालेली. मास्क हनुवटीवर ओढून खाल्ली, बोललो फारसं नाहीच, तो सारखा घड्याळ बघत होता कारण तीनच्या आत मला परतीची गाडी पकडायची होती. जाताना रिकामा डबा माझ्याच हातात राहिला, धुऊन परत द्यायला पुन्हा जावं लागलं.

२०२२ ला लग्न झालं. डिसेंबर २०२३ मध्ये दादरचे प्लॅटफॉर्म नंबर बदलले, सेंट्रलचा एक नंबर आता आठ नंबर. त्याने ती बातमी मला फॉरवर्ड केली, खाली लिहिलेलं, "बारा वर्षं लेट."