तलंगा का कापता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. अंडी न्यायला येणारी माणसं, मे महिन्यात मुंबईहून येणारे पाहुणे, सगळ्यांचा प्रश्न एकच: "कोंबडे कापता ते समजलं, पण तलंगा कशाला? त्या तर आता अंडी देतील की!" (तलंग म्हणजे अंड्यावर यायच्या बेतात असलेली तरणी कोंबडी.)

कोंबड्यांचं आमच्याकडे, कुडाळच्या बाजूला, सोपं असतं. मिरगाला, म्हणजे मृग नक्षत्र लागताना, राखणदार देवाला राखण द्यायला कोंबडा लागतो, पुढे गटारी आहेच. 8-10 माद्यांमागे एक नर पुरतो, त्यामुळे बाकीचे गेले तर कुणी काही विचारत नाही. पण खुडुकीखाली, म्हणजे उबवायला बसलेल्या कोंबडीखाली, ठेवलेल्या अंड्यांतून 21 दिवसांनी निम्म्या तरी माद्याच निघतात. हंगामात दोन-तीन खुडुका बसल्या की तलंगांची गर्दी होते. (लांबट अंड्यातून कोंबडा निघतो म्हणून अंडी निवडून ठेवणाऱ्या बायका आहेत. ठेवू देत. माझा त्यावर काही भरवसा नाही.)

उन्हाळ्यात ही गर्दी परसात खपून जाते, पावसात नाही. एकेका कोंबडीला खुराड्यात दीड-दोन चौरस फूट तरी जागा हवी. दाटी झाली आणि खालचा भुसा ओला राहिला की रक्ती हगवण लागते, एकमेकींची पिसं उपटणं सुरू होतं. मानमोडी (राणीखेत रोग) आली तर लस न टोचलेलं खुराडं रिकामंच होतं. गावठी कोंबडी वर्षाला 60-80 अंडी देणार, मधे खुडूक बसणार, आणि चरायला मिळत नाही तेव्हा रोज 100 ग्रॅमच्या आसपास दाणा खाणार. ठरावीक कोंबड्यांपलीकडे हे परवडत नाही.

"मग विकून टाका ना!" विकतेही. पण बाजारात तलंग घेणारा प्रत्येक जण ती अंड्यांसाठीच नेतो असं समजू नका. बहुतेक पाय बांधून, दुचाकीच्या हँडलला उलटी टांगून नेतात. शेवटी सुरीच असेल तर ती आमच्या मागल्या दारी, न पळवता, न घाबरवता लागलेली बरी.

खरी मेहनत निवडीची. तुरा लाल झालाय, हात पुढे केला की खाली बसते, शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये माझी दोन बोटं मावतात, ती अंड्यावर आली. तिला हात लावायचा नाही. फिक्या तुऱ्याची, हाडं जुळलेली, वाढीत मागे पडलेली किंवा इतरांना टोचून हैराण करणारी, ती जाते. आजारी असेल ती वेगळी ठेवायची. ती खायची नाहीच.

आदल्या संध्याकाळपासून दाणा बंद, पाणी चालू. पहाटे अंधारातच डाल्याखालून काढायची आणि पंख अंगाशी दाबून धरायचे, म्हणजे ती शांत राहते. सुरी धारदार हवी. रक्त पूर्ण जाईपर्यंत सोडायची नाही. पिसं काढायचं पाणी उकळतं नको, बोट बुडवताच झटकन काढावं लागेल इतपत पुरे. उकळत्यात कातडी फाटते. मग काटक्यांच्या जाळावर बारीक लव भाजायची आणि हळद चोळायची.

पोट उघडताना पित्ताची पिशवी सांभाळायची, नाहीतर कलेजी कडू. आणि तिथेच, पाठीच्या कण्याला लागून, निवडीचा निकाल असतो. अंड्यावर यायला वेळ असलेल्या तलंगेत मोहरीएवढे फिकट दाणे दिसतात. टपोरे पिवळे बलक दिसले तर ती काही दिवसांतच अंडं घालणार होती. अशा वेळी सासूबाई बोलत काही नाहीत. ते बलक वेगळ्या वाटीत काढतात आणि वाटी मला दिसेल अशी ठेवतात.

मांस निघतं जेमतेम पाऊण किलो. ते चार-पाच तास तरी थंडाव्यात ठेवावं, नाहीतर वातड लागतं. ब्रॉयलरपेक्षा शिजायला वेळ घेते, पण जुन्या कोंबडीसारखी चुलीवर दुपार काढत नाही. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप, सोबत वडे.

"आणि खाववते?" मला खाववते. धाकट्या लेकीला नाही. तिच्यासाठी त्या दिवशी डाळ-भात असतो, कुणी आग्रह करत नाही. तिने नाव ठेवलेली तलंग मात्र मी कापत नाही, असं आमचं ठरलंय. त्यामुळे हल्ली मे महिना लागला की ती भराभर नावं ठेवत सुटते.