उलटी गिटार

रविवार, रात्री साडेअकरा

दुपारभर अमेरिकन लोकगायिका एलिझाबेथ कॉटन ऐकत होते. खरं तर ऐकण्यापेक्षा तिचे हातच बघत बसले. जुनी कृष्णधवल चित्रफीत, खुर्चीत शांत बसलेली म्हातारी, आणि मांडीवर गिटार चक्क उलटी.

मी डावखुरी. लहानपणी पानाकडे डावा हात गेला की आजी बोलायची नाही, नुसते डोळे वटारायची. दोन वर्षांपूर्वी, पन्नाशीला टेकल्यावर गिटार शिकायला गेले, तर सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तारा उलट्या चढवून घ्या, नाहीतर उजव्या हाताची सवय करा." मी मुकाट्याने सवय केली. हात अजून लंगडतोय.

या बाईने दोन्ही केलं नाही. तारा होत्या तशाच ठेवल्या आणि गिटारच फिरवली. त्यामुळे बारीक तारा वर आल्या, जाड खाली. मग अंगठा सुरावट वाजवणार आणि बोटं बास, म्हणजे खालचे जाड सूर, सांभाळणार. सगळं जग करतं त्याच्या बरोब्बर उलटं. पुढे या वादनाला तिचंच नाव मिळालं.

जन्म 1893 चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलजवळचा. भाऊ कामावर गेला की हळूच त्याचा बँजो काढायची. मग लोकांच्या घरी कामाला लागली, महिन्याला पाऊण डॉलर पगार. त्यातून साठवून पावणेचार डॉलरची स्टेला गिटार घेतली. घराजवळून आगगाडी जायची, तिच्यावर 'फ्रेट ट्रेन' रचलं तेव्हा वय अकरा-बारा. त्या वयाच्या पोरीने गाण्यात सांगितलंय की मेल्यावर मला अशा जागी पुरा, जिथून गाडीचा आवाज येईल. मला तर तिथे काटाच आला.

नंतर लग्न, मुलगी, चर्चमधल्या लोकांचं 'ही असली गाणी सोड', आणि गिटार कित्येक दशकं बंद.

पुढचं सगळे रंगवून सांगतात. वॉशिंग्टनच्या एका मोठ्या दुकानात नोकरी करताना तिला हरवलेली छोटी मुलगी सापडली, ती निघाली पेगी सीगर, पुढे नावाजलेली लोकगायिका. मुलीच्या आईने हिला घरकामाला ठेवलं. घर संगीतकारांचं. पण 'सीगर कुटुंबाने तिला शोधून काढलं' असं वाचलं की माझं डोकं फिरतं. त्या घरात भिंतीवर गिटार टांगलेली होती. ती हिने स्वतः काढून वाजवली, कुणी हातात दिली नव्हती.

पेगीने 'फ्रेट ट्रेन' इंग्लंडला नेलं, 1957 मध्ये तिथे ते गाजलं, आणि कर्ते म्हणून नावं भलत्यांचीच! श्रेय मिळायला भांडावं लागलं. पहिली तबकडी 1958 ची, बरंचसं ध्वनिमुद्रण कॉटनच्याच घरात, पेगीचा भाऊ माइक सीगर याने केलेलं. तेव्हा तिची साठी उलटून गेली होती. ग्रॅमी मिळालं नव्वदीनंतर, 1985 मध्ये. दोन वर्षांनी गेली.

मघाशी जेवणं झाल्यावर मीही गिटार उलटी धरून बघितली. दोन वर्षांत बसवलेले सगळे कॉर्ड एका क्षणात परके. पण डाव्या अंगठ्याला बारीक तार आपसूक सापडली, चार सूर सरळ आले. बास मात्र तर्जनीला काही केल्या जमेना. सातव्यांदा चुकले तेव्हा आतून आवाज आला, "अगं, बारा वाजत आले."