तक्त्यावरचं नाव

आज स्टाफरूममध्ये निकालाचा तक्ता लागला. वर्गाची सरासरी, शेजारी वर्गशिक्षकाचं नाव. माझं खालून दुसरं. परीक्षा नक्की कुणाची होती, देव जाणे!

माझ्याकडची बरीच पोरं पेठ-सुरगाण्याहून द्राक्षांच्या कामाला आलेल्या मजुरांची. काम संपलं की गावाकडे. जूनमध्ये जोडाक्षराला अडखळणारी पोरगी आता अख्खा धडा वाचते, पण पास व्हायला चार मार्क कमी पडले. म्हणजे मी नापास?

अमेरिकेतल्या काही राज्यांत याच्या दोन पावलं पुढे जाऊन मुलांच्या गुणांतली वाढ मोजून शिक्षक जोखतात. तर तिथल्याच अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१४ मध्ये सांगितलं, गुणांमधल्या फरकात शिक्षकांचा वाटा बहुतेक अभ्यासांत १ ते १४ टक्केच निघतो.

बैठकीत मागणार आहे: तक्ता लावायचाच असेल तर जूनच्या चाचणीचे गुण आणि हजेरीही शेजारी लावा.